दोन नंबरचा गिअर

आधी रॉकेलचं पसरट भांडं, मग दात घासायचा जुना ब्रश.
शेडमध्ये हीटर नाही; नोव्हेंबर थेट बोटांच्या पेरांत.
कित्येक वर्षांचं ऑइल काकवीसारखं सुटत जातं
आणि खालून खुणा वर येतात:
वर्तुळातला बाण, अर्धवट सात,
कुणा तपासनिसाची बारीक चांदणी.

ट्रोमन्स खुर्चीवर. वय शहाऐंशी.
चौदाव्या वर्षी सेव्हर्नच्या कारखान्यात झाडू घेऊन शिरले,
गिअरच्या खात्यातून बाहेर पडले तेव्हा
मागे दाराला कुलूप लागत होतं.
चष्मा खिशातच ठेवतात.
तारेला अडकवून एकेक चक्र हवेत धरतात
आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टिचकी,
बंदा रुपया वाजवून घ्यावा तसं.

खण्ण. "मेनशाफ्ट आमचा."
खण्ण. "हाही. दात्यांच्या कडा बघ, उलट्या तिरक्या घासल्यात.
मॉडच्या बाकावरचा. ती डावखुरी होती."
किकचा रॅचेट?
"पुढच्या मॉडेलचा. चालेल, पण कागदावर लिहू नकोस."
पितळेचा बुश कुणीतरी नळाच्या तोटीतून कातलेला;
त्यावर ते हसले, खोकले, चहा मागितला.

मग दोन नंबर.
आवाज आला, पण बुटका,
ओल्या दारावर थाप मारल्यासारखा.
बाण नाही. चांदणी नाही.
खडूनं खूण करून मी दाते मोजले. तीनदा.
चोवीस.
यादीत तेवीस.
"घरचा आहे," ट्रोमन्स म्हणाले,
बराच वेळ नखानं चढत-उतरत,
"कानशीनं केलेला. नकली म्हणावं
तर हात फार चांगला होता त्याचा."

वडील साखळ्यांच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
सकाळी क्रॅडली हीथच्या चढाला दुसरा टाकायचे
आणि गाडी कळवळायची, माथ्यापर्यंत एकच सूर,
नाकातून गाणाऱ्या बाईसारखा.
आई तो ऐकून तव्यावर अंडी फोडायची.
ते दारात बूट काढेपर्यंत कडा तपकिरी.
मला वाटायचं, सगळ्याच मोटारसायकली
दुसऱ्यात रडतात.

"मूळचा हवाय, की हाच?"
मी म्हटलं, मूळचा.
त्यांना ते आवडलं. त्या दिवशी मलाही.

दोन वर्षं गेली.
शेवटी हेरफर्डकडे, एका मेलेल्या शेतकऱ्याच्या
बिस्किटांच्या डब्यात, बिजागऱ्यांच्या खाली:
तेवीस दाते, बाण, चांदणी. पंचावन्न पौंड.
ट्रोमन्सना दाखवायचा राहिला.
त्यांच्या खुर्चीवर आता भाची कुंड्या ठेवते.
मीच तारेला अडकवला, मीच टिचकी मारली.
खण्ण.

काल चढ घेतला.
काही नाही. इंजिनाची धडधड,
आणि तिच्या पोटात तेलात बुडालेली शांतता,
कारखान्याला हवी होती तश्शी.
चौदा नंबरच्या खिडकीत डॉरकस हिंग्ली,
एक्याण्णव, डोळे गेले, कान शाबूत.
आमची गाडी किती वाजता वर येते
यावर तिनं घड्याळ लावलेलं आहे एके काळी.
मी गेटपाशी इंजिन बंद केलं तेव्हा
तिनं लेकाला विचारलेलं ऐकू आलं:
"कुणाची रे गाडी? नवीन कुणी
राहायला आलंय का?"

गिअरबॉक्स मी पुन्हा उघडलेला नाही.
प्रमाणपत्र आलंय, जाड कागद, सोनेरी शिक्का,
सगळे क्रमांक जुळतात.
घरचा तो गिअर कोटाच्या खिशात असतो,
अस्तराला भोक पाडत.
दुकानातून परतताना चढावर दम लागतो,
थांबते, आणि बोट आपोआप फिरत राहतं
दात्यांवरून, पहिल्यापासून.
तेविसाव्यानंतर
एक उरतो.